सगळे एकदम बोलू लागले तर : मोबाइलच्या अपलिंकविषयी

'परस्परव्याप्त ऊर्ध्वदुवा प्रक्षेपणांचे व्यवस्थापन' अशा शीर्षकाचा एक अनुवाद गेल्या वर्षी माझ्या टेबलावर आला. एम. ए.च्या वर्गाला मी भाषांतराची अभ्यासपत्रिका शिकवते. प्रत्येकाने आपल्या विषयाबाहेरचा एक इंग्रजी लेख निवडायचा आणि तो मराठीत आणायचा, असा त्यात एक प्रकल्प असतो. या मुलाने बिनतारी संदेशवहनावरचा लेख घेतला होता. शब्द चोख होते, कोशातून एकेक वेचून काढलेले. व्याकरणाची चूक शोधून सापडली नसती. मी त्याला म्हटले, "यात काय सांगितलंय ते मला साध्या भाषेत सांग बघू." तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "मॅडम, ते मलाही कळलेलं नाही."

कळले मलाही नव्हते. त्याने ते कबूल केले, आणि मी मात्र लाल पेन उघडून बसले होते. त्या दिवशी पेन मिटले आणि आमच्याच महाविद्यालयातल्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाच्या सहकाऱ्यांकडे गेले. पुढचे काही महिने त्यांच्याकडून समजून घेतले, थोडे वाचले, त्या मुलाशी पुन्हा पुन्हा बोलले. त्यातून जे हाती लागले ते इथे मांडते आहे. मी या शास्त्रातली नव्हे. पण आपल्यापैकी अनेकांवर असे मजकूर तपासण्याची वेळ येते, म्हणून हा खटाटोप.

आधी ते शीर्षकच पाहू. 'ऊर्ध्व' म्हणजे वर. फोनकडून टॉवरकडे जाणारी वाट ती अपलिंक आणि टॉवरकडून फोनकडे येणारी ती डाउनलिंक. उपग्रहाच्या बाबतीत हे वर-खाली खरेच वर-खाली असते. पण बाराव्या मजल्यावरून फोन करणाऱ्याचा टॉवर समोरच्या तीन मजली इमारतीच्या गच्चीवर असला, तर त्याची अपलिंक खाली जाते. 'परस्परव्याप्त' म्हटले की एकावर एक पडलेले दोन कागद डोळ्यांसमोर येतात, वरचा उचलला की खालचा वाचता येईल असे. लहरींचे तसे होत नाही. एकाच फळ्यावर, एकाच जागी, एकाच पांढऱ्या खडूने दोघांनी एकदम लिहिले तर जे होईल ते होते : अँटेनाला दोघांची मिळून एकच रेघ दिसते. आणि सर्वांत मोठी गफलत 'प्रक्षेपण' या शब्दात आहे. आकाशवाणीचे प्रक्षेपण, दूरदर्शनचे प्रक्षेपण या प्रयोगांनी आपल्या मनात एक चित्र पक्के केले आहे, की बोलणारा एक आणि ऐकणारे अनेक. अपलिंकमध्ये बरोबर उलटे असते. बोलणारे अनेक आणि ऐकणारा एक. लेखातली सगळी अडचण या उलटेपणातून जन्मते, आणि आमच्या अनुवादाने नेमके तेच शीर्षकात झाकून टाकले होते.

जत्रेच्या रात्री आपण सगळ्यांनी हे अनुभवले आहे. फोनवर नेटवर्कच्या रेघा भरलेल्या असतात, पण फोन काही लागत नाही. माणूस वैतागून फोन आपटायचा बाकी राहतो. त्या रेघा टॉवरचा आवाज आपल्या फोनपर्यंत किती पोहोचतो तेवढेच सांगतात. टॉवर बोलतो कित्येक वॅटच्या ताकदीने, आणि तो एकटाच बोलतो. कुणाला कधी काय सांगायचे ते तोच ठरवतो, त्यामुळे त्याचे स्वतःशी भांडण होत नाही. फोरजी फोनची कमाल ताकद मात्र एक पंचमांश वॅट, आणि जत्रेत असे हजारो फोन एकाच टॉवरकडे तोंड करून असतात. त्यांना एकमेकांचे ऐकू येत नाही. दुसरा कोण बोलतो आहे, केव्हा थांबणार आहे, हे एकालाही ठाऊक नसते. रेघा खोटे बोलत नाहीत. त्या दुसऱ्याच वाटेविषयी बोलत असतात.

या प्रश्नाला पहिले सडेतोड उत्तर मिळाले ते हवाई बेटांवर. होनोलुलूतल्या हवाई विद्यापीठात १९६८ साली नॉर्मन अब्रामसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काम सुरू केले. लाटांवर फळी घेऊन स्वार होण्याचा नाद अब्रामसन यांना हवाईत घेऊन आला होता असे सांगतात. विद्यापीठाचा मोठा संगणक एका ठिकाणी, आणि तो वापरू इच्छिणारे लोक निरनिराळ्या ठिकाणी, मधे डोंगर आणि समुद्र. टेलिफोनच्या तारांवर विसंबण्याऐवजी त्यांनी रेडिओ घेतला. १९७१ च्या जूनमध्ये सुरू झालेल्या या जाळ्याचे नाव होते अलोहानेट. मुख्य ठिकाणी संदेश घेणाऱ्या यंत्राला त्यांनी 'मेनेहुने' म्हटले. तिथल्या लोककथांत रात्रीतून बांधकामे उरकून टाकणारी छोटी माणसे असतात, त्यांचे हे नाव.

दोन वाटा होत्या. मेनेहुनेकडून सर्वांकडे जाणारी एक, ४१३.४७५ मेगाहर्ट्झवर. सर्वांकडून मेनेहुनेकडे येणारी दुसरी, ४०७.३५० मेगाहर्ट्झवर. पहिल्या वाटेवर अडचण नव्हती. दुसरीसाठी नेहमीचे शहाणपण सांगत होते, की प्रत्येकाला वेळ किंवा पट्टा वाटून द्या. अब्रामसन यांनी तसे केले नाही. टंकयंत्रासमोर बसलेला माणूस एक ओळ टंकतो आणि मग विचार करत बसतो. त्याच्यासाठी वाट राखून ठेवली तर ती बहुतेक वेळ रिकामीच पडून राहणार. म्हणून नियम ठरला तो असा : बोलायचे असेल तेव्हा बोला. एका वेळी फार तर ८० अक्षरांची ओळ. तिच्यासोबतची ओळख आणि तपासणीचे अंक धरून ७०४ बिट. सेकंदाला ९६०० या गतीने हे पुडके ०.०७३ सेकंदात निघून जाते. ते धड पोहोचले तर मेनेहुने पोच देतो. दोन पुडकी एकमेकांवर आदळली तर तपासणीचे अंक जुळत नाहीत, आणि मेनेहुने काहीच बोलत नाही. पाठवणाऱ्याने ठरावीक वेळ वाट पाहायची. पोच आली नाही की पुन्हा पाठवायचे.

'तुमची टक्कर झाली' असे कुणी कुणाला सांगत नाही, ही गोष्ट मला फार विलक्षण वाटली. सांगणार तरी कसे? कोण बोलले तेच कळलेले नसते. शांततेचाच अर्थ लावायचा.

मग पुन्हा पाठवताना एक पेच येतो. टक्कर झालेले दोघे सारखाच वेळ थांबले तर पुन्हा बरोबर एकाच क्षणी बोलतील. अरुंद पुलाच्या दोन टोकांना दोन सभ्य माणसे 'आधी तुम्ही' म्हणत एकदमच पाऊल टाकतात, तसे. म्हणून प्रत्येकाने थांबण्याचा वेळ मनाला येईल तसा, फासा टाकून ठरवायचा. इथे बेशिस्त ही सोय आहे.

हे किती चालते याचे गणित अब्रामसन यांनी १९७० च्या निबंधात मांडले. माझे पुडके ०.०७३ सेकंदांचे. ते वाचायचे असेल तर माझ्या आधीच्या ०.०७३ सेकंदांत कुणी सुरुवात केलेली नसावी, कारण त्याचे शेपूट माझ्या डोक्यावर येईल. आणि माझे संपेपर्यंत कुणी सुरू करू नये, कारण माझे शेपूट त्याच्या डोक्याखाली सापडेल. म्हणजे धोक्याचा काळ पुडक्याच्या दुप्पट. आता शंभर पुडकी लागोपाठ मावतील एवढा वेळ धरा. त्यात सगळ्यांनी मिळून अंदाजे ५० टाकली तर सुमारे १८ धड पोहोचतात, आणि याहून अधिक कधीच पोहोचत नाहीत. लोकांनी जोर करून १०० टाकली तर पोहोचणारी १८ वरून १३-१४ वर येतात. २०० टाकली तर चारसुद्धा नाहीत. न पोहोचलेले पुन्हा पाठवतात, त्यामुळे गर्दी वाढते, त्यामुळे आणखी पोहोचत नाहीत. जत्रेत फोन लागत नाही म्हणून आपण पुन्हा पुन्हा तेच बटण दाबतो, ते आठवावे.

दोन वर्षांनी, १९७२ मध्ये, लॅरी रॉबर्ट्स यांनी एक साधी दुरुस्ती सुचवली. एक सामायिक घड्याळ ठेवा, वेळेचे सारखे तुकडे पाडा, आणि बोलायचे तर तुकड्याच्या सुरुवातीलाच बोला. आता अर्धवट शेपटे अडकणे संपले. टक्कर झाली तर पूर्ण, नाहीतर मुळीच नाही. धोक्याचा काळ निम्मा झाला आणि पोहोचणाऱ्यांची संख्या दुप्पट. गर्दी अगदी नेमकी असेल तेव्हा शंभर तुकड्यांपैकी सुमारे ३७ कामी येतात, ३७ रिकामे जातात आणि २६ टक्करीत वाया जातात. एवढे रिकामे जातात हे पाहून माझ्यासारखीला चुटपुट लागते. पण कुणीच कुणाशी बोलून ठरवलेले नसताना याहून चांगले होत नाही.

बोलण्याआधी ऐकावे, हे मात्र कुणालाही सुचेल. आमच्या विद्यार्थ्याला ते सगळ्यांत लवकर समजले, कारण त्याच्या घरचा ट्रॉलर मालीमच्या जेटीवर लागतो आणि ट्रॉलरवरचा व्हीएचएफ संच त्याने लहानपणापासून पाहिलेला आहे. बटण दाबले की बोलता येते, सोडले की ऐकू येते. आधी कान द्यायचा, कुणी बोलत असेल तर थांबायचे. "पण मॅडम," तो म्हणाला, "आमची होडी एका बाजूला आणि दुसरी त्या बाजूला लांब असली, तर आम्हाला ती ऐकूच येत नाही. जेटीवर दोघांचं ऐकू येतं. आम्ही मोकळं आहे समजून बटण दाबतो." क्लाइनरॉक आणि तोबागी या दोघांनी १९७५ मध्ये आधी ऐकून बोलण्याच्या पद्धतीचा अभ्यास मांडला, तेव्हा या अडचणीचाही स्वतंत्र विचार केला होता. इंग्रजीत तिला लपलेल्या केंद्राची अडचण म्हणतात. आमच्या अनुवादात ती 'प्रच्छन्न अग्र समस्या' झाली होती. त्या मुलाने हा प्रश्न समुद्रावर पाहिलेला होता आणि कागदावर तो त्याला ओळखता आला नाही. माझ्या मते दोष त्याचा नाही.

तारेवर ही अडचण येत नाही, कारण तारेवर सगळ्यांना सगळे ऐकू येते. अलोहाचा निबंध वाचलेल्या रॉबर्ट मेटकाफ यांनी १९७३ मध्ये झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत नेमके तेच केले. आधी ऐका, बोलताना टक्कर झाली तर लगेच थांबा, आणि प्रत्येक टक्करीगणिक थांबण्याची मर्यादा दुप्पट करा. तेच इथरनेट. गर्दी वाढेल तसा प्रत्येकजण आपण होऊन अधिक थांबतो, आणि दोनशे पुडक्यांचा तो कडेलोट टळतो.

मोबाइलमध्ये टॉवरने पाळ्या वाटून द्यायच्या, हा राजमार्ग. टूजी फोनांत एका वाटेवर वेळेचे आठ-आठ तुकडे असत, प्रत्येक ५७७ मायक्रोसेकंदांचा, आणि बोलणाऱ्या फोनला त्यातला एक मिळे. पाळी वाटली म्हणजे प्रश्न मिटला, असे मला वाटले होते. मिटत नाही, कारण आवाजाला पोहोचायला वेळ लागतो. रेडिओलहर सेकंदाला तीन लाख किलोमीटर जाते; तरीही ३५ किलोमीटरवरच्या फोनपर्यंत टॉवरची खूण जायला आणि त्याचे उत्तर यायला मिळून सुमारे २३३ मायक्रोसेकंद जातात. आपल्या पाळीला अगदी वेळेवर बोललेला दूरचा फोन टॉवरपाशी उशिरा पोहोचतो आणि पुढच्याच्या पाळीत शिरतो. म्हणून टॉवर प्रत्येक फोनचे अंतर वेळेवरून मोजतो आणि त्याला सांगतो, की तू इतका आधी बोल. हे 'आधी' ० ते ६३ अशा पायऱ्यांत सांगितले जाई. एक पायरी साधारण ५५० मीटरची. ६३ पायऱ्या संपल्या की ३५ किलोमीटर झाले. नेहमीच्या रचनेत त्यापलीकडच्या फोनला टॉवर स्वच्छ ऐकू येत असला तरी उपयोग नसे, कारण त्याला आणखी आधी बोलायला सांगण्यासाठी आकडाच शिल्लक नसे.

याहून धाडसी मार्ग म्हणजे सगळ्यांना एकदम बोलू देणे. २००३ च्या सुमारास आपल्याकडे सीडीएमए फोन घरोघर दिसू लागले, ते अनेकांना आठवत असतील. त्यात प्रत्येक फोनला एक सांकेतिक मालिका दिलेली असते. तो आपले म्हणणे त्या मालिकेत गुंफून पाठवतो, आणि टॉवर तीच मालिका लावून गोंगाटातून त्याचे म्हणणे वेगळे काढतो. हे समजावताना एका दालनात निरनिराळ्या भाषा बोलणाऱ्या जोड्यांचे उदाहरण देतात. आम्हा गोव्यातल्या लोकांना ते लगेच पटते : बसमध्ये चार भाषा चालू असतात आणि आपल्या भाषेतले तेवढे कानावर येते. पण एखादा कानाशी ओरडू लागला, तर तो कुठल्या भाषेत ओरडतो याने काही फरक पडत नाही. शंभर मीटरवरचा फोन आणि दोन किलोमीटरवरचा फोन सारख्याच जोराने बोलले, तर मोकळ्या जागेतल्या वर्गाच्या नियमानेसुद्धा टॉवरपाशी जवळच्याचा आवाज चारशेपट होतो. झाडे, भिंती, डोंगर आले की हा फरक लाखाच्या घरात जातो. मालिका कितीही चतुर असली तरी दूरचा बुडतो. उपाय असा, की जवळच्याने हळू बोलायचे. किती हळू, ते टॉवर त्याला सेकंदाला ८०० वेळा सांगतो, थोडे वर, थोडे खाली. तो फोन चालताना, खिशात जाताना, भिंतीआड वळताना सतत हे ऐकून आपला आवाज बदलत असतो. सगळ्यांचे आवाज टॉवरपाशी सारख्या पातळीवर यावेत, एवढ्यासाठी ही सगळी यातायात.

जोर सारखा नसण्याचा फायदाही घेता येतो. आधी सर्वांत मोठा आवाज उलगडायचा. तो पूर्ण कळला की तो कसा उमटला असेल हे हुबेहूब बनवता येते. ते मूळ मिश्रणातून वजा करायचे आणि उरलेल्यातून पुढचा आवाज शोधायचा. पोथीतले प्रक्षिप्त ओळखून बाजूला काढणाऱ्या संशोधकाचे काम मला इथे आठवले. दोघांना धोका एकच. पहिल्या पायरीला चुकीचे ते वजा झाले, की पुढचे सगळे बिघडते.

आता ज्या जागी मी सर्वांत जास्त अडले तिथे येते. पाळ्या वाटायच्या, वेळ सांगायची, जोर सांगायचा, हे सगळे टॉवर करतो; पण कुणाला? जो फोन नुकताच चालू झाला, किंवा बराच वेळ गप्प होता आणि आता बोलू इच्छितो, त्याची टॉवरला दखलच नाही. त्याला पाळी द्यायची तर तो आहे हे कळले पाहिजे. ते कळायचे तर त्याने बोलले पाहिजे. आणि बोलायला पाळी नाही. हे कोडे आजही पूर्ण सुटलेले नाही. त्यावर तोड आहे ती हवाईचीच. टॉवर अधूनमधून थोडा वेळ मोकळा ठेवतो, त्यात कुणीही दारावर थाप मारावी.

फोरजीमध्ये या थापांचे ६४ प्रकार ठरलेले आहेत. (चौसष्ट म्हटले की आपल्याला कला आठवतात, पण त्यांचा इथे संबंध नाही.) नव्याने बोलू इच्छिणारा फोन त्यांतल्या मोकळ्या प्रकारांपैकी एक फासा टाकून निवडतो आणि वाजवतो. दोघांनी वेगळ्या थापा मारल्या तर टॉवरला दोन्ही वेगळ्या कळतात. दोघांनी एकच निवडली तर टॉवरला बहुधा एकच थाप ऐकू येते. तो उत्तर देतो, 'अमुक थाप मारणाऱ्या, तुझी पाळी अमुक ठिकाणी, इतके आधी बोल.' दोघांनाही वाटते, हे आपल्यालाच. दोघेही त्याच ठिकाणी आपापली ओळख सांगतात आणि एकमेकांवर आदळतात. टॉवरला त्यातल्या एकाची ओळख कळली तर तो तीच जशीच्या तशी परत उच्चारतो. ज्याला स्वतःची ओळख ऐकू आली तो आत गेला. दुसऱ्याला कुणी 'नाही' म्हटलेले नसते. आपल्याऐवजी दुसऱ्याचे नाव उच्चारले गेले एवढे त्याला कळते, आणि तो फासा टाकून थांबतो. जत्रेच्या रात्री ही पहिली थापच अनेकदा अडते. आत जागा असली तरी थाप ओळखू येत नाही, आणि थाप ओळखू आली तरी कधी आत जागा उरलेली नसते.

शेतातला ओलावा किंवा पाण्याचे मीटर कळवणारी जी छोटी यंत्रे आता येत आहेत, त्यांतल्या लोरावॅन पद्धतीची यंत्रे मुळात अलोहाच्याच वळणाने बोलतात. दिवसातून काही वेळा दोन ओळी सांगणाऱ्यांसाठी पाळ्यांचा संसार मांडणे परवडत नाही. टंकयंत्रासमोर विचार करत बसलेल्या माणसाचे जे होते तेच.

इतके झाल्यावर आम्ही दोघे अनुवादाकडे परतलो. 'ऊर्ध्वदुवा' काढून 'अपलिंक' ठेवले; टॉवर आणि फोन जर मराठीत राहतात तर तिचीही सोय होईल. 'प्रक्षेपण' पूर्ण काढले. 'टक्कर' ठेवायची की नाही यावर आमचा वाद झाला. त्याचे म्हणणे, टक्करीत दोघे पडतात, आणि व्हीएचएफवर तर जवळचा दूरच्याला गिळून टाकतो. दूरचा बोलला होता याचा पत्ताही लागत नाही. त्याचे बरोबर होते. जिथे दोन्ही बिघडतात तिथे आम्ही 'टक्कर' लिहिले आणि जिथे एकच उरतो तिथे 'आवाज दडपला गेला' असे लिहिले. इंग्रजीत तिथेही वेगळी संज्ञा आहे. आम्ही क्रियापदावर भागवले. 'प्रच्छन्न अग्र समस्या' गेली आणि 'एकमेकांना ऐकू न येणाऱ्या दोघांची अडचण' आली. लांब आहे, पण वाचताना थांबावे लागत नाही. शीर्षक झाले 'एकाच टॉवरशी एकदम बोलणारे फोन'.

प्रकल्पाच्या गुणपत्रकात 'पारिभाषिक संज्ञांचा वापर' असा पाच गुणांचा रकाना आहे. पहिल्या मसुद्याला मी तिथे साडेचार लिहून ठेवले होते. दुसऱ्या मसुद्यात संज्ञा निम्म्याहून कमी उरल्या होत्या. मी पाच दिले. बाह्य परीक्षकांनी त्यापुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढून चौकशी केली, तेव्हा मुलाला बोलावून घेतले, आणि त्याने त्यांना फळ्यावर दोन ट्रॉलर आणि एक जेटी काढून दाखवली.